किती देते?

गाडीचं नाव सांगणार नाही, हे आधीच सांगतो. चाकणात गाडीचं नाव घेणं म्हणजे लग्नाच्या मांडवात मानपानाचा विषय काढणं. थोरला मेहुणा फोक्सवॅगनच्या पेंटशॉपला, साडू महिंद्राच्या असेंब्लीला, चुलतभाऊ बजाजमध्ये, आणि शेजारच्यांचा मुलगा मर्सिडीजमध्ये अप्रेंटिस. एकाच्या कंपनीची गाडी घेतली की उरलेल्या तिघांकडे दिवाळीच्या फराळाला जायची सोय राहत नाही. तेव्हा लाल रंग, दोन दारं, टर्बो पेट्रोल, अकरा वर्षं वय, एवढ्यावर भागवा. दारं दोन असली तरी सीट चार आहेत, असं आरसी बुकात लिहिलंय. मागच्या दोन सीटवर एक ऑफिसची बॅग आणि एक डबा आरामात बसतो. डबा तीन पुडांचा असेल तर बॅग पुढे घ्यावी लागते.

मी म्हाळुंग्याला एका लहानशा कंपनीत क्वालिटीला आहे. आम्ही रबरी बुश बनवतो. गाडी खड्ड्यात आदळली की सस्पेन्शनमध्ये जो पहिला मार खातो, तो बुश. दिसत कोणालाच नाही, आवाज मात्र त्याचाच येतो. बावीस वर्षं दुसऱ्यांच्या गाड्यांखालचा मार मी मायक्रॉनमध्ये मोजला. मुलगी शिकायला बाहेरगावी गेली, घराचा हप्ता संपला, आणि एके दिवशी वाटलं, बास झालं मोजणं. आता जरा पळवू.

घरी विषय काढताना मी थेट सचिनपासून सुरुवात केली. म्हटलं, "ब्रॅडमनच्या एकोणतीस शतकांची बरोबरी केली म्हणून २००२ साली त्याला फेरारी मिळाली. खुद्द शूमाकरने सिल्व्हरस्टोनला किल्ली दिली. पुढे कस्टम ड्यूटीच्या माफीवरून केवढा गोंधळ झाला. ती फेरारीसुद्धा २०११ साली सुरतच्या एका माणसाने सेकंड हँडच घेतली ना? मग आपण घेतली तर काय बिघडलं?"

बायको पालक निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "सचिनने विकली ना ती? त्याचं तेवढं घ्या."

म्युनिकच्या भाच्याला फोन केला, तर तो म्हणाला, "मामा, उलटं करताय. हिवाळ्यात स्पोर्ट्स कार कोणी घेतं का?" त्यांच्याकडे बर्फ पडला की रस्त्यावर मीठ टाकतात, मिठाने पत्रा गंजतो. म्हणून शौकाची गाडी थंडी आली की शेडमध्ये झाकून ठेवायची आणि चार महिने ढकलायला एखादी म्हातारी गाडी स्वस्तात घ्यायची, अशी तिकडची रीत. जर्मनीत म्हणे नंबर प्लेटवरच महिने छापून मिळतात. कडेला वर ०४, खाली १०. म्हणजे ही गाडी एप्रिल ते ऑक्टोबर रस्त्यावर, एरवी घरात. टॅक्स आणि विमाही तेवढ्याच महिन्यांचा.

मला ही पाटी फार आवडली. फक्त चाकणात तिच्यावर वर १२ आणि खाली ०२ लागेल. जून ते सप्टेंबर आमच्याकडे खड्ड्यांत पाणी असतं, ऑक्टोबरात पाणी जातं आणि खड्डे राहतात. दिवाळीनंतर कधीतरी डांबराचा ट्रक येतो, कंत्राटदार खड्ड्यांच्या जागी उंचवटे करून जातो आणि मार्गशीर्षात रस्ता साधारण रस्त्यासारखा दिसू लागतो. मार्चपासून ऊन. जमिनीला टेकलेल्या गाडीत खालचा रस्ता तापला की आत भाकरी भाजून निघेल. उरले तीन महिने. शिवाय रबराचा माणूस म्हणून सांगतो, उन्हाळी टायरचं रबर सात अंशांच्या खाली कडक होत जातं, पकड सुटते. म्हणून तिकडे थंडीचे टायर वेगळे. आपल्याकडे सकाळी पारा नऊ-दहावर आला तरी माणसं कानटोपी घालून थंडीवर चर्चासत्र भरवतात. सातच्या खाली वरचेवर जाण्याइतकं थंडीला आपल्यावर प्रेम नाही. तेव्हा आहे त्या टायरवर भागणार होतं. शास्त्र माझ्या बाजूने होतं. शास्त्र नेहमी खरेदीच्या बाजूनेच असतं.

जुन्या गाड्यांच्या बाजारात सगळ्या गाड्या डॉक्टरच्या असतात. चार रविवार हिंडलो, आठ गाड्या पाहिल्या, त्यातल्या सहा डॉक्टरच्या होत्या. सातवी एका डॉक्टरीणबाईंची. गाडी जितकी रंगेल, तितका डॉक्टर सज्जन. "फक्त दवाखाना ते घर, साहेब." मला तर दवाखाना भोपाळला आणि घर पिंपळे सौदागरला असणार असा संशय येऊ लागला. मध्ये एकाने सॅन स्टॉर्मचा फोटो दाखवला आणि माझं काळीज हललं. आपल्या देशात बनलेली उघडी, फायबरच्या अंगाची, दोन माणसांची गाडी, पोटात रेनोचं ११४९ सीसी इंजिन. पण चाकणच्या रस्त्यावर उघड्या गाडीने जायचं म्हणजे कंपनीत पोचेपर्यंत आपणच प्रायमर मारलेल्या पार्टसारखे दिसणार. तो नाद सोडला.

शेवटी ही लाल दिसली. मागणी साडेपाच लाख. नव्या साध्या हॅचबॅकच्या आसपास. मी खराबवाडीच्या आमच्या मेकॅनिकला, म्हणजे मामांना, घेऊन गेलो. मामा गाडीशी बोलत नाहीत, विकणाऱ्याशी तर मुळीच नाही. त्यांनी आधी दार उघडून पायातल्या ब्रेकचं रबर बघितलं. मीटरवर एक्केचाळीस हजार होते. मामा हळूच म्हणाले, "मीटर बोटाने मागं जातो, पेडल जात न्हाई." रबर पार गुळगुळीत झालं होतं. मग टायरवरचे चार आकडे वाचले, २३१७. म्हणजे २०१७च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. विकणारा सांगत होता, "टायर नवीनच आहेत." मामा म्हणाले, "आठवडाबी लिव्हलाय त्यावर, वाढदिवस करा." तेलाचं झाकण काढून आतून पुसलं. तिथे ताकासारखा फेस असेल तर तेलात पाणी शिरलेलं असतं. फेस नव्हता. शेवटी गाडीखाली बघायला आडवे झाले, तर डोकंच आत जाईना. मोबाइल खाली सरकवून त्यांनी शूटिंग केलं, उभे राहिले, हात झटकले.

"गाडी टोप हाय," ते म्हणाले. मी सुटकेचा श्वास घेणार, तेवढ्यात, "पन तुम्ही कशाला घेताय?"

पाच लाख वीस हजारांना व्यवहार ठरला. २९ नंबरचा फॉर्म, ३० नंबरचा फॉर्म, विमा माझ्या नावावर. एजंटने चेसिस नंबरावर कागद धरून पेन्सिलने घासून ठसा काढला. लहानपणी आम्ही नाण्यावर कागद ठेवून असाच ठसा काढायचो, तेव्हा आठ आणे होते. एमएच १४ ची पाटी आधीचीच होती, तेवढा खर्च वाचला. गाडी घरी आली. बायकोने ओवाळलं. ओवाळायला तिला खाली वाकावं लागलं, म्हणाली, "पाटावर बसवलेल्या नवऱ्या मुलासारखी वाटतेय."

मी राहतो मोशीला. मोशी ते म्हाळुंगे सतरा-अठरा किलोमीटर. चिंबळी फाटा, कुरुळी, आळंदी फाटा, मग चाकणचा तळेगाव चौक, तिथून डावीकडे. सातची शिफ्ट, म्हणून पावणेसहाला निघायचं. पहिल्या सकाळी धुकं होतं, हीटर लावला होता, स्टिअरिंगवर कातडं होतं, माझ्या अंगात नवा स्वेटर होता. पुस्तिकेत लिहिलं होतं की गाडी शून्यावरून शंभरला साडेसात सेकंदांत जाते. कुरुळीपर्यंत शून्य उत्तम जमलं. शंभरचा योग येईना.

सगळ्या कंपन्यांच्या पहिल्या शिफ्टच्या बसा त्याच वेळी त्याच रस्त्यावर असतात. त्यांच्यामध्ये कंटेनर, कंटेनरांमध्ये टेम्पो, टेम्पोंमध्ये दुचाक्या, आणि दुचाक्यांमध्ये जी हवा उरते तिच्यात मी. स्पोर्ट्स कारमध्ये बसलं की जग वेगळं दिसतं असं म्हणतात, ते खरं आहे. मला फक्त चाकं दिसतात. अठरा चाकी ट्रेलरच्या चाकाला किती नट असतात, त्यातला कितवा गंजलाय, हे मी आता काच वर असतानाही सांगू शकतो. वरच्या माणसाला मी दिसत नाही. तळेगाव चौकात एका क्लीनरने खिडकीतून केळ्याचं साल टाकलं, ते माझ्या बॉनेटवर पडलं. त्याने खाली बघितलं आणि मनापासून दचकला. "अयो, हितं गाडी हाय व्हय!"

तळेगाव चौकाबद्दल बाहेरच्यांना थोडं सांगायला हवं. तिथून हाकेच्या अंतरावर संग्रामदुर्ग आहे. १६६० साली शाहिस्तेखान पुण्याहून प्रचंड फौज घेऊन आला, आणि फिरंगोजी नरसाळ्यांनी मूठभर माणसांनिशी हा भुईकोट पन्नासहून जास्त दिवस झुंजवला. शाळेत असताना वाटायचं, एवढ्या लहान किल्ल्याला इतके दिवस कसे लागले? आता मी रोज त्या चौकातून जातो. खानाला निदान एकाच दिशेने यायचं होतं.

सहा गिअरची गाडी. पहिला आणि दुसरा यांचा माझा घरोबा झाला. तिसऱ्याशी येता-जाता नमस्कार. चौथा एकदा चुकून पडला तेव्हा दोघेही ओशाळलो. पाच आणि सहा गिअरच्या दांड्यावर कोरलेले आहेत, तेवढ्यावरून ते आहेत असं मी धरून चाललोय.

आता गतिरोधक. इंडियन रोड काँग्रेसचा नियम आहे की गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असावा, म्हणजे ताशी पंचवीसच्या वेगाने गाडी त्याच्यावरून अलगद जाते. माझ्या गाडीचं पोट जमिनीपासून १२ सेंटिमीटरवर. कागदावर दोन बोटं हवा उरते. पण आमच्याकडचे गतिरोधक नियम वाचून जन्माला येत नाहीत. गावात एखाद्याच्या म्हशीला धक्का लागतो, रात्रीत चार पाट्या खडी पडते, त्यावर डांबर ओततात आणि सकाळी तिथे टेकडी असते. तिची रुंदी एका पाटीइतकी, उंची त्या म्हशीच्या मालकाच्या रागाइतकी.

अशा टेकडीवरून सरळ जायचं नाही, तिरकं जायचं, हे मी दुसऱ्या दिवशी शिकलो. आधी पुढचं डावं चाक, मग उजवं, मग मागचं डावं. नऊवारी नेसलेल्या बाईने उंबरठा ओलांडावा तसं. तिरकं व्हायला दोन्ही लेन लागतात. समोरचा टँकर थांबतो, मागची बस थांबते, माझं एकेक चाक चढतं-उतरतं आणि बसमधली सगळी पहिली शिफ्ट खिडकीला येऊन बघते. आमचे प्रॉडक्शनचे साहेब एकदा लिफ्ट मागून बसले. देह भरदार. पहिल्याच गतिरोधकावर खालून असा आवाज आला, की बावीस वर्षांच्या अनुभवावरून सांगतो, तो बुशचा नव्हता. पुढच्या प्रत्येक गतिरोधकाच्या आधी साहेब स्वतःहून उतरायचे, चालत पलीकडे जायचे, आणि गाडी उतरली की परत बसायचे. खराबवाडी ते म्हाळुंगे त्यांचं चालणं चांगलं झालं. शुगर कमी आली म्हणे. पण आभार मानायला ते परत आले नाहीत.

दृष्ट लागू नये म्हणून सासूबाईंनी पुढच्या बंपरला लिंबू-मिरची बांधली. इतर गाड्यांना ती लोंबते, माझ्या गाडीला ती रस्त्यावर फरपटायची. मोशीतून निघताना लिंबू असायचं, चाकणला पोचेस्तोवर लोणचं.

आणि या सगळ्यात तो प्रश्न. सिग्नलला दुचाकीवाला काचेवर टकटक करतो. मी काच खाली घेतो. आता इंजिनाबद्दल विचारणार, टर्बोबद्दल विचारणार, मी उत्तर मनात जुळवून ठेवलेलं. तो लाल बॉनेटवरून नजर फिरवतो, चाकांकडे बघतो, आणि म्हणतो, "किती देते?"

पंपावरचा पोरगा, किती देते? कंपनीच्या गेटवरचा सिक्युरिटी, किती देते? सोसायटीचे चेअरमन, ज्यांनी मला आजवर मेंटेनन्सशिवाय कशाबद्दल विचारलं नाही, किती देते? एका बारशाला गेलो, बाळ बघायच्या आधी बाळाच्या आजोबांनी मला बाजूला घेतलं. म्हशीला विचारायचा प्रश्न आपण गाडीला विचारतो आणि त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही. मला तर वाटतं, उद्या कोणी विमान विकत घेतलं तरी चाकणचा माणूस पंखाखाली उभा राहून हेच विचारेल, आणि मग "डिझेलमध्ये येत न्हाई का?" असंही.

खरं उत्तर होतं नऊ. तळेगाव चौकात थंडीच्या सकाळी गाडी स्वतःच पडद्यावर ६.४ दाखवायची, मी पडदा बदलून तिथे बाहेरचं तापमान लावलं. लोकांना मी दहा सांगायचो. कंपनीत बारा. सासऱ्यांना चौदा. बायकोला सोळा. नातं जितकं जवळचं, तितकं अ‍ॅव्हरेज वाढत गेलं.

माघात एका सहकाऱ्याच्या गावी यात्रेला गेलो. खेड, जुन्नर, आंबेगाव, मावळ हा सगळा बैलगाड्यांचा मुलूख. २०१४ साली सुप्रीम कोर्टाने शर्यती बंद केल्या, २०२१च्या डिसेंबरात परवानगी दिली. त्या साडेसात वर्षांत लोकांनी गोठ्यातले शर्यतीचे बैल विकले नाहीत, नुसते सांभाळले. चाकणात तयार झालेल्या सगळ्या गाड्यांवर मिळून नसेल एवढा जीव या परिसराने त्या बैलांवर लावलाय. मी गाडी शर्यतीच्या घाटाजवळच्या शेतात लावली. काही पोरं जमली, फोटो काढले. मग एक गाडामालक आले. डोक्याला फेटा, कपाळाला भंडारा, हातात बैलाचा कासरा. त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली. मी मनाची तयारी केली.

"किती सेकंद?" त्यांनी विचारलं.

माझा कानांवर विश्वास बसेना. इतक्या महिन्यांत पहिला माणूस. "साडेसात," मी म्हणालो, "शून्य ते शंभर."

त्यांनी मान डोलावली. घाटात एकेका गाड्याची बारी बारा-तेरा सेकंदांत आटोपते, तिथे अर्ध्या सेकंदाची किंमत काय हे त्यांना मी सांगायची गरज नव्हती. एका धंद्यातली दोन माणसं भेटावीत तसे आम्ही उभे होतो. "खुराक?" त्यांनी विचारलं. मी पेट्रोल सांगितलं. त्यांनी त्यांचा सांगितला: उडदाचं पीठ, दूध, अंडी, शेंगदाण्याची पेंड, थंडीत अंगावर झूल. मग सहज म्हणून विचारलं, "अन् पळवता कुठं?"

"पळवत नाही. रोज कामावर नेतो. मोशी ते म्हाळुंगे."

त्यांचा चेहरा बदलला. कासरा या हातातून त्या हातात घेतला. बैलाकडे बघितलं, गाडीकडे बघितलं, शेवटी माझ्याकडे. "शर्यतीचं जनावर नांगराला जुपलंय तुम्ही," ते म्हणाले, आणि बैलाला गाडी दिसू नये अशा बेताने त्याला घेऊन गेले.

हे मला फार लागलं. पुढच्याच रविवारी भल्या पहाटे उठलो, बायकोला शेजारी बसवलं, चाकण मागे टाकलं आणि राजगुरूनगरच्या बाह्यवळणाला लागलो. रस्ता मोकळा. गार हवा, दोन्ही बाजूंना कांद्याची रानं, पूर्वेला तांबडं फुटलेलं. तिसरा गिअर. चौथा. इंजिनाचा सूर पालटला. पाठ सीटला चिकटली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मला कळलं की या गाडीला मला काहीतरी सांगायचं राहिलंय. आणि तेवढ्यात बायको ठाम आवाजात म्हणाली, "बास..."

लग्नाला चोवीस वर्षं झालीत. पाय आपोआप उचलला गेला. गाडी मरगळली. पुढच्या वळणाआड उसाचा ट्रॅक्टर होता. मागे दोन ट्रॉल्या, दोन्हींवर रस्त्याच्या दोन्ही कडांपर्यंत ऊस, वर फुल आवाजात गाणी. गळीत हंगामात तो पुढे आला की संपलं, मागे लागायचं आणि सांडलेल्या कांड्या चुकवायच्या. अर्धा तास त्याच्यामागे चालल्यावर मी म्हणालो, "जरा पळवू द्यायचं होतंस. लगेच बास कशाला?"

"मी कुठे बास म्हटलं?" ती म्हणाली. "मीटर वाचत होते. बासष्ट म्हणत होते."

होळी झाली, ऊन तापलं. माझ्या कल्पनेतल्या पाटीवरचा ०२ केव्हाच उलटून गेला होता. मी जाहिरात टाकली. वापरणारा डॉक्टर नाही, असं स्पष्ट लिहिलं, त्यामुळे आठवडाभर कोणाचा विश्वासच बसला नाही. आले ते सगळे आधी तेच विचारायचे, मी "नऊ" म्हणायचो आणि ते चहा पिऊन जायचे.

मग वराळ्याचा एक तरुण आला. वेल्डिंगचा छोटा धंदा, स्वतःच्या कष्टाचे पैसे. त्याने पेडलचं रबर पाहिलं, टायरवरचा आठवडा वाचला, तेलाचं झाकण पुसलं. मला तो आवडला. गाडी पार्किंगमध्ये उभी होती, वर आमच्या बाल्कनीत बायको कपडे वाळत घालत होती. त्याने दार उघडलं, आत बसला, स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले आणि हळूच मला विचारलं, "काका, पळते किती?"

मी तोंड उघडलं. पुस्तिकेतला आकडा आठवेना, आणि माझा सांगवेना. बरं, गाडामालकाला सांगितलेले साडेसात सेकंदही छापील होते, स्वतः मोजलेले नव्हते. मी नुसताच त्याच्याकडे बघत राहिलो.

"बासष्ट!" वरून आवाज आला.